समितीची होडी

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात दह्याचे रिकामे डबे साठतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते. आमच्या शनिवारच्या वाचनकट्ट्याचे किस्सेही माझ्याकडे तसेच साठलेत. एक काढायला कपाट उघडावं, तर सहा अंगावर येतात!

कट्टा म्हणजे शॉमबर्गच्या लायब्ररीतली एक छोटी खोली, शनिवार सकाळ, सात-आठ मुलं आणि मराठी जगवायला निघालेले आम्ही. (आमच्या सगळ्या ईमेल इंग्रजीत असतात, ते सोडा.) मुलांना राजा-राणी नको, ससा-कासव नको. त्यांना ट्रक हवा, क्रेन हवी, फायर इंजिन, होडी, जहाज हवं. तसली मराठी पुस्तकं आमच्यापाशी दोनच, आणि त्यातल्या एकाचं शेवटचं पान कुणीतरी खाल्लेलं. म्हणून आम्ही हातात इंग्रजी पुस्तक धरतो आणि तोंडाने मराठी सांगतो.

माझा यात स्वार्थ आहे. माझी नात रेवा, साडेचार वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. गोष्ट मागते तीसुद्धा इंग्रजीत. मी पडले सोळा सोमवार केलेली बाई. गुरुपौर्णिमेला देवापुढे हात जोडून सांगून टाकलं, रेवा माझ्याकडे मराठीत गोष्ट मागेपर्यंत चहा बंद.

सून म्हणाली, "आई, त्यापेक्षा साखर सोडा ना!"

आमच्या कट्ट्यावरची स्नेहल, नागपूरची, आयटीतली, दर शनिवारी थर्मास भरून आल्याचा चहा आणते. ती म्हणाली, "काकू, देवाला डेडलाइन तरी द्यायची!"

*

आमचे अध्यक्ष बापटकाका. निवडणूक वगैरे झाली नव्हती. पहिल्या दिवशी ते मधल्या खुर्चीत बसले, एवढंच.

त्यांचा नियम असा, की वाहनांची नावं शुद्ध मराठीत घ्यायची. कचऱ्याचा ट्रक म्हणायचं नाही. "स्वयंचलित कचरावाहक यान!"

एका शनिवारी कचऱ्याच्या ट्रकच्याच पुस्तकाचं वाचन चालू होतं आणि खिडकीबाहेर नेमका खराखुरा ट्रक आला. मुलं धावली. काका उठले, चष्मा लावला, बोट दाखवलं आणि सावकाश म्हणाले, "पाहा बालमित्रांनो, ते आले स्वयंचलित..."

तोवर ट्रकने डबा उचलला, उपडा केला, खाली ठेवला आणि वळणावरून दिसेनासासुद्धा झाला.

रेवाने त्यांचा हात धरला. "इट्स ओके, आजोबा. नेक्स्ट टाइम, स्टार्ट अर्ली."

*

दुसरा खंदा कार्यकर्ता रोहित, पुण्याचा. त्याच्याकडे प्रत्येक पुस्तकाची एक्सेल शीट आहे. वाहनाचा प्रकार, पानं, आणि शेवटच्या कॉलमात 'टेकअवे', म्हणजे गोष्टीतून घ्यायचा बोध. मोठ्या जहाजाला ओढून नेणाऱ्या छोट्या टगबोटीच्या पुस्तकापुढे त्याने लिहिलं होतं, लीडरशिप. क्रेनपुढे, ग्रोथ माइंडसेट. रोडरोलरपुढची जागा मात्र तीन आठवडे रिकामी होती. बिचारा विचार करत होता.

मग त्याने मुलांना फीडबॅक फॉर्म दिले. मुलांना लिहिता येत नव्हतं, म्हणून तो एकेकाजवळ गुडघ्यावर बसून विचारायचा. "आजच्या टगबोटीकडून तू काय शिकलास? पुढच्या वेळी काय वेगळं करशील?"

एका छोट्याने गंभीरपणे उत्तर दिलं, "बाथरूम फर्स्ट."

रोहितने ते लिहून घेतलं. टेकअवेच्या कॉलमात. प्लॅनिंग.

*

दुसऱ्यांना हसते आहे, तर आता स्वतःचंही सांगते. खंडेनवमीला आमच्या गराजमध्ये दोन्ही गाड्यांची पूजा झाली. हार झाले, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. रेवा शेजारी उभी. म्हणाली, "व्हॉट अबाउट माय फायर ट्रक?"

लेकरू आपण होऊन पूजा मागतंय! माझा ऊर भरून आला. तिचा फायर ट्रक म्हणजे पुस्तक होतं. मी त्याला चौरंगावर ठेवलं, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि हात जोडल्यावर माझं लक्ष मागे चिकटवलेल्या बारकोडकडे गेलं. पुस्तक लायब्ररीचं होतं.

पुसायला गेले, तर शिडीपासून पार हेल्मेटपर्यंत सगळं भगवं झालं!

लायब्ररीतल्या बाईंनी पुस्तक उघडलं. पानांतून तांदूळ सांडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत बापटकाका पुढे झाले आणि ऐटीत म्हणाले, "मॅडम, इट इज नाउ अ व्हेरी सेफ व्हेइकल."

मी नवीन प्रत आणून दिली. जुनी माझ्या देवघरात आहे. रोज फूल वाहते. आता पूजा केलेल्या गाडीला उपाशी कसं ठेवणार?

*

एक किस्सा मात्र हसून सांगता येत नाही, तरी आम्ही हसूनच सांगतो.

स्नेहल एका छोट्या जहाजाची गोष्ट वाचत होती. जहाज सगळं जग फिरतं, वादळं बघतं, देवमासे बघतं, आणि शेवटच्या पानावर आपल्या बंदरात परत येतं. टाळ्या वाजल्या. तिची सहा वर्षांची मिहिका तेवढी वाजवेना.

"मम्मा, डिड दे लेट इट बॅक इन?"

"म्हणजे गं?"

"त्याचं व्हिसा स्टॅम्पिंग झालं होतं का?" हे मात्र तिने मराठीत विचारलं. घरात रोज ऐकलेले शब्द लवकर येतात.

सगळ्यात मोठ्याने रोहित हसला आणि सगळ्यात आधी तोच थांबला. त्याची आई पुण्यात आजारी आहे आणि परतताना व्हिसा अडकेल म्हणून तो दोन वर्षांत गेलेला नाही. मग खोलीतले झाडून सगळे आईबाप आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. जहाज शेवटच्या पानावर तसंच उभं, हसरं.

मी त्या रात्रीपासून नेमात एक जपमाळ वाढवली. जहाजासाठीच, असं समजा.

*

शेवटी ठरलं की आपणच मराठी पुस्तक काढायचं. विषय एकमताने होडी. तेवढंच एकमत.

स्नेहलने चित्रं काढली, रोहितने मजकूर शेअर केला आणि कमेंट सुरू झाल्या. वादळ काढा, मुलं झोपेत दचकतात. होडीत बसलेल्या सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला. नावाड्यालाही घाला, पण त्याच्या धोतरावर जाईल असं. (हे बापटकाका.) जाळ्यात मासे नकोत, श्रावणात वाचायची वेळ आली तर? (हे मी. कबूल आहे.) होडीने रत्नागिरीला जावं, असं काका म्हणाले, कारण ते तिथले. स्नेहल उसळली, "नागपूरला समुद्र नाही म्हणून आम्हाला मतच नाही का?" तेव्हा रत्नागिरी काढली. दुसरं गाव कुणाला पटेना, म्हणून प्रवासच काढला.

छपाई एका ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर झाली. कुणाच्या ते मी सांगणार नाही. रोहित लाजतो.

गुढीपाडव्याला प्रकाशन. नारळ फुटला, काकांचं भाषण झालं, मुलं एव्हाना निम्मी खुर्च्यांखाली होती. वाचनाचा मान मला. स्नेहलने सगळ्यांना चहा दिला. माझ्यापाशी आली तशी थबकली आणि सवयीने पुढे गेली. चहा सोडून आठ महिने झाले होते. आल्याचा वास मात्र दर शनिवारी तितकाच यायचा.

मी पुस्तक उघडलं. पान एक, होडी धक्क्याला उभी आहे. पान दोन, सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातलं आहे. पान तीन, आकाश स्वच्छ आहे. पान चार, जाळं रिकामं आहे, सगळे आनंदी आहेत. पान पाच, होडी धक्क्याला उभी आहे.

सहाव्या पानाला रेवा सतरंजीवरून उठली. माझ्यासमोर आली. पुस्तकावर तिने आपला चिमुकला तळवा ठेवला.

"आजी, ही होडी बुडव ना."

बापटकाकांनी चष्मा लावला.

"बुडव. आणि मग काय झालं, ती गोष्ट सांग."

"अगं बाळा, हे समितीने मंजूर केलेलं..." बापटकाका म्हणाले.

"काकू, ही फायनल व्हर्जन आहे," रोहित म्हणाला.

मी पुस्तक मिटलं. होडीचा दोर सोडला. भर समुद्रात काळंकुट्ट वादळ आणलं, जाळं माशांनी गच्च भरलं, नावाड्याचं धोतर वाऱ्यावर उडवलं, आणि रत्नागिरीच्या जरासं अलीकडे होडी अशी काही बुडवली, की बापटकाका खुर्चीच्या टोकावर आले!

"लाइफ जॅकेट?" रोहितने हळूच विचारलं.

"नव्हतं."

मुलं सगळी खुर्च्यांखालून बाहेर. रेवा माझ्या मांडीत. पोहत पोहत सगळ्यांना किनाऱ्याला आणलं, तेव्हा माझा घसा पार कोरडा पडला होता.

"स्नेहल," मी म्हटलं, "थर्मासमध्ये घोटभर उरलाय का गं?"