तिसरीनंतर

"देवाची मर्जी, आत्या," असं म्हणून ती पदर तोंडाला लावायची. सासूला वाटे, सून रडतेय. ती हसत असायची, हे मला एकटीलाच ठाऊक.

मी कर्जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. सासू तिला हाताला धरून माझ्याकडे आणायची. "बाई, कायतरी दवा द्या. फार्महाऊसवाले जमिनीसाठी दारात येतात, आन् सातबाऱ्यावर नाव लावायला आमच्यात पोरगा नाय! दोन पोरींवरच थांबलंय हिचं."

खरं तर तिला तीन मुली झाल्या होत्या. तिसरी अठरा दिवसांची असताना तापानं फणफणली. नवऱ्याचा टेंपो दारातच होता. "पोरीसाठी कशाला धावपळ? उतरंल," सासू म्हणाली. नवऱ्यानं चावी खिशातून काढलीच नाही. ती भर उन्हात बाळाला घेऊन चालत आली. बाळ वाटेतच गेलं होतं.

दीड महिन्यानं ती एकटी आली. "तांबी बसवा. घरात सांगू नका."

"दहा वर्षं टिकते," मी म्हटलं.

"दहा? आत्या तोवर जगतील ना?"

मग नवस, उपास, अंगारे सुरू झाले. ही सगळं मन लावून करायची आणि सासूच्या पाठीमागून माझ्याकडे बघायची. मी हसू दाबायचे. तुम्हीही दाबलं असतं.

तांबी बसवल्याच्या सातव्या वर्षी सासूनं लेकाचं दुसरं लग्न काढलं. पाहुणे आले. चहा घेऊन हीच बाहेर आली आणि मुलीच्या बापापुढं उभी राहिली.

"काका, माझ्यात खोट नाय. मी तांबी बसवलीय. माझी तान्ही पोर तापानं मेली, तवा यांचा टेंपो दारात हुता. आता तुमची पोर द्यायची तर द्या."

पाहुणे चहा न पिता उठले. नवऱ्यानं हात उगारला. ती म्हणाली, "मारा. पाहुणे अजून अंगणात हायेत." हात खाली आला.

त्याच दुपारी दोन मुली आणि एक बॅग घेऊन ती माझ्याकडे आली. हे सगळं सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "बाई, तिचं नावबी ठेवलं नव्हतं मी."

ती रसायनीला गेली, कारखान्यात पॅकिंगला लागली. इकडे नवऱ्याला कुणी मुलगी दिली नाही. बरीच वर्षं गेली. सासू आता रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एकटीच येते. परवा उठता उठता थांबली. "थोरली काय शिकते, बाई? तुमाला ठाव असंल."

थोरलीचा नर्सिंगला नंबर लागलाय. पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मी मोबाइल पालथा ठेवला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.