शेवंतीकाकीच्या आईचं गाणं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. बहिणीलाही नाही — आणि मी तिच्यापासून काही लपवत नाही, असं ती सगळ्यांना सांगत असते. सहा वर्षं झाली. कितीदा ओठांवर आलं, कितीदा गिळलं. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर बोलायची छाती अजून झालेली नाही.

मी गोव्यात, पेडण्याकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. बाईंच्या जिभेला धार आहे, असं लोक म्हणायचे आणि खरं सांगू? ते ऐकून मला बरं वाटायचं. कुणाचा उखाणा अडला, कुणाच्या सत्काराचं भाषण अडलं, की बोलवा बाईंना. मी दोन मिनिटांत जुळवून द्यायची. कुणाला टोचलं तर टोचलं. लोकांना गंमत कळत नाही, मी काय करू?

तर फुगड्या. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे बायका घरोघरी जाऊन फुगडी घालतात आणि हल्ली त्यांच्या स्पर्धाही होतात. आमच्या गटात गाणं सांगायची शेवंतीकाकी. ती ओळ म्हणणार, आम्ही मागून धरणार. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, नवरा गेलेला. शाळेत मुलांना दुपारी भाजी-पाव देतात ना, ती भाजी शाळेच्याच चुलीवर करणाऱ्या बचतगटात ती कामाला होती. तिची आई फुगडीसाठी चार गावांत नावाजलेली. आईची सगळी गाणी काकीच्या तोंडी होती, कागदावर एकही नाही. भाजी ढवळताना ती गुणगुणू लागली की माझ्या वर्गातली मुलं जनेलातून बाहेर बघायची. मग मी ओरडायची.

त्या वर्षी स्पर्धेला नवा नियम आला — पारंपरिक गाण्याला जास्त गुण. काकीची गाणी पारंपरिकच की! पण मला ती — कसं सांगू — मिळमिळीत वाटली. सगळीकडे आपलं माहेर, अबोली आणि नणंद. हशा कुठे पिकणार? टाळी कुठे पडणार? म्हणून मी एक गाणं रचलं. आता फुगडीचं गाणं कुणी रचलं हे आमच्यात कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. ते आईकडून आलेलं असतं, तिला तिच्या आईकडून. तेवढ्याचा मी फायदा घेतला. निवेदिकेला द्यायच्या चिठ्ठीवर लिहिलं, हे गाणं शेवंतीकाकीच्या आईचं. गटातल्या बाकीच्या बायकांनाही तेच सांगितलं. काकी मात्र कुरकुरली, आवयचं, आपल्या आईचं नाही ते, म्हणाली. मी म्हटलं, अगो काकी, कोण विचारायला येतंय? तुझ्या आईचं आणखी एक गाणं झालं, बिघडलं कुठे? ती हसली. बाई सांगते म्हणजे बरोबरच असेल, असं तिला नेहमीच वाटायचं.

त्या गाण्यात एक ओळ होती. लिहायला हात होत नाही. पण ती गाळली तर हे सगळं सांगायचं कशाला? — ‘घाटीण आली गावात गो, न्हायना सात दिवसात गो.’

घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसाला आम्ही घाटी म्हणतो. कुठून आला हे सांगायला म्हणतो, असं कुणी तुम्हाला सांगेल. खोटं आहे. नाक मुरडल्याशिवाय तो शब्द आमच्या तोंडातून निघत नाही. माझ्या वर्गात त्यांची मुलं बसतात आणि हा शब्द कुणी उच्चारला तर मी त्याला बाकावर उभं करते. तेव्हाही करायची.

आणि ती ओळ सुचली कुठून? आमच्या घराशेजारी बांधकाम चाललं होतं. तिथे पत्र्याच्या खोल्यांत बेळगावकडची माणसं राहत. त्यांतली रेणुका मे महिन्यात कळशी घेऊन माझ्या दारात आली. दोन दिवस त्यांचा टँकर आला नव्हता. पोरीला आंघोळ घालायची आहे, एवढंच म्हणाली, तेही खाली बघत. आमच्या विहिरीला पाणी होतं. मी म्हटलं, विहीर आटली. दुसऱ्या दिवशी परत आली. मी परत तेच म्हटलं. ही आता वाकून विहिरीत बघते की काय, अशी मला धडकी भरली होती. पण तिने नाही बघितलं. रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी मी ती ओळ लिहिली. लिहिताना स्वतःशीच हसले होते. हो, हसले होते.

स्पर्धा रविवारी दुपारी झाली. निवेदिकेने चिठ्ठी वाचली, काकीने गाणं सांगितलं आणि त्या ओळीला अख्खा हॉल खिदळला. दुसरा नंबर आला. कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि तिसऱ्या दिवशी ती ओळ, फक्त तेवढीच ओळ, गोवाभर फिरायला लागली. पडद्यावर काकीचा चेहरा. उघडं तोंड, हसरे डोळे. खाली शिव्या. हिला घाटावर नेऊन सोडा, म्हणणारे होते. आमची परंपरा आहे, माफी कसली मागता, म्हणणारेही होते — आणि मला त्यांची जास्त लाज वाटली, कारण कसली परंपरा? माझ्या डायनिंग टेबलावर चहा पिता पिता लिहिलेली? काही जण काकीच्या आईवर घसरले. असली गाणी शिकवणारी आई कसली असेल, असं. मेलेल्या बाईला लोक काय काय बोलले, ते मी सगळं वाचलं. एकेक ओळ वाचली आणि फोन उपडा ठेवला.

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. गाणं माझं आहे. तीन शब्द. शाळेत मुलांना मी रोज तीन शब्दांची वाक्यं लिहायला लावते. पण चौकशी होईल, नोकरी जाईल, वर्गातल्या त्या मुलांच्या आया माझ्याकडे कशा बघतील? नोकरीचं एकवेळ सोडा. बाईंनी हे लिहिलं — हे लोकांच्या डोळ्यांत दिसलं असतं, ते मला सोसलं नसतं. काकीला ते लोकांच्या डोळ्यांत रोज दिसतच होतं की. पण ती मी नव्हते.

बचतगटाने तिला, प्रकरण निवेपर्यंत येऊ नको, असं सांगितलं. ते काम तिला परत मिळालं नाही. आणि पुढच्याच सोमवारी मी शाळेत प्रार्थनेनंतर मुलांसमोर उभी राहिले आणि दुसऱ्याचा आदर कसा करावा यावर बोलले. चांगलं बोलले. हेडमास्तरांचे डोळे भरून आले.

लोकांना माफी हवी होती. ती कुणी लिहायची? बाईंनीच. मी काकीला माझ्या घरी बोलावलं, कदेल ओढून टेबलापाशी बसवलं, मोबाइल समोर धरला. मी लिहिलेलं असं होतं: हे गाणं माझ्या आईने शिकवलं, आईची चूक झाली, तिच्या वतीने मी हात जोडते, अशी जुनी गाणी मी यापुढे म्हणणार नाही. तिने कागद दोनदा वाचला. मग मला विचारलं, “आवयचं नाव घ्यायलाच हवं काय गो बाय?”

मी म्हटलं, “निवेदिकेने तसंच वाचलंय ना काकी. आता फिरवलं तर आणखी पेटेल.”

बस, एवढंच. तिने माझं नाव काढलं नाही. तू सांग, असं म्हणाली नाही. का म्हणाली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. दोनदा पुन्हा घ्यावं लागलं, तिसऱ्यांदा नीट बोलली. आईची चूक झाली, म्हणाली. मी मान हलवली, छान झालं म्हटलं. छान झालं — हेच शब्द.

रेणुकेला कुणीच काही विचारलं नाही. तिच्यावरच्या ओळीवरून एवढा गदारोळ झाला आणि तिला कुणी ओळखतही नव्हतं. तिने ती ओळ ऐकली होती का? माहीत नाही. दिवाळीपर्यंत बांधकाम संपलं आणि ती माणसं गेली. जायच्या आदल्या दिवशी माझ्या फाटकावरून गेली तेव्हा तिने मान डोलावली. मी आत वळले.

पुढे मला एका संस्थेने भाषणाला बोलावलं. विषय, समाजातला परस्पर आदर. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. मी घेतलं, बरं का. नको म्हटलं नाही.

काकीने गाणं सोडलं. चवथीला येते, फेर धरते, पण तोंड मिटलेलं. आम्ही आता मोबाइलवर ऐकून पाठ केलेली गाणी म्हणतो. रस्त्यात भेटली की माझ्याशी नीट बोलते, तब्येत विचारते. तिने एकदा तरी तोंड फिरवावं, असं मला वाटतं. ती फिरवत नाही. वर्गात मुलं मान खाली घालून लिहीत असतात, शाळेच्या चुलीकडे आता कुणी गुणगुणत नाही आणि मला त्या शांततेत बसवत नाही. मी उगाच मोठ्याने शिकवत राहते.

गेल्या महिन्यात कॉलेजची एक पोर आली. जुन्या फुगड्यांवर ती काहीतरी लिहिते आहे. गावात कुणाकडे गाणी मिळतील, असं तिने मला विचारलं. मी तिला शेवंतीकाकीकडे घेऊन गेले. का नेलं? सहा वर्षांत ती विसरली असेल, दोन गाणी म्हणेल, माझ्या मनावरचा दगड थोडा हलेल — असलं काहीतरी. काकीने चहा केला. पोरीने वही उघडली, आईची गाणी सांगता का, म्हणाली.

काकी माझ्याकडे न बघता तिला म्हणाली, “आवयची गाणी बरी नव्हती गो. ती लिहू नको.”

रागाने म्हणाली असती तर मी समजले असते. ती साधेपणाने म्हणाली, मनापासून पटल्यासारखी. पोरीने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. बाई शिकलेली, बाईला माहीत असणार. “हो का बाई?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

पोरीने ते वहीत लिहून घेतलं.