पानांची बाजू वर

जगातील प्रत्येक वस्तूला एक वरची बाजू असते आणि ती वरच राहिली पाहिजे, एवढ्या एका तत्त्वावर सबंध आयुष्य उभे केलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो नात्याने माझा साडू लागतो. नागपुरात त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. पण दुकानाबाहेरही कोणाच्या नाकावर वाकडा बसलेला चष्मा त्यांना पाहवत नसे. बसमध्ये समोर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थाचा चष्मा दोन्ही हातांनी अलगद उचलून, काड्या किंचित वाकवून, तो पुन्हा त्याच्या नाकावर ठेवून "आता पाहा" असे म्हणताना मी त्यांना स्वतः पाहिले आहे. त्या गृहस्थाने आधी खिसा चाचपला, मग खिडकीबाहेर पाहिले आणि शेवटी नमस्कार केला. कोणाच्या घरी गेले की पाण्याच्या पेल्याला हात लावण्यापूर्वी ते भिंतीवरच्या तसबिरी सरळ करीत. एका लग्नात तर अंतरपाट धरलेला असताना पुढे होऊन त्यांनी नवरदेवाच्या मुंडावळ्या सारख्या लांबीच्या केल्या आणि मग भटजींना "हं, होऊ द्या" अशी परवानगी दिली. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे, म्हणून ते मला 'सर' म्हणतात; मात्र माझे विज्ञान त्यांनी कधी फारसे मनावर घेतलेले नाही.

त्यांची पत्नी ही माझ्या पत्नीची थोरली बहीण. आम्ही सारे त्यांना ताई म्हणतो. आमची दोन्ही घरे एकाच गल्लीत आहेत. रोज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसणे हा ताईंचा नेम, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने तेथे दोन मिनिटे थांबणे हा गल्लीचा नेम. कोणाच्या मुलीचे कोठे जमले, कोणाचा मुलगा कोणत्या विषयात अडकला, हे सारे त्या खुर्चीपाशी कळत असे. असे असताना एका वर्षी ताईंना कानाच्या आतल्या भागाचे दुखणे झाले आणि भोवळ येऊ लागली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचे आणि नजरेचे व्यायाम शिकवले, आणि हे बरे होईल, पण सावकाश होईल, असे सांगितले. तोवर मात्र फिरणारी कोणतीही वस्तू नजरेस पडली की ताईंना सारे घर फिरू लागल्यासारखे वाटे. साडूंनी छताचा पंखा बंद केला. मे महिन्याच्या नागपुरात हा निर्णय घेणाऱ्याच्या प्रेमाबद्दल मला वेगळे काही लिहिण्याची गरज वाटत नाही. कूलरच्या जाळीवर त्यांनी पडदा टाकला, मिक्सर कपाटात ठेवला, आणि वर्तमानपत्राची घडी करून ते ताईंना वारा घालीत बसले. एका संध्याकाळी ताईंनी हिय्या करून खुर्ची फाटकाशी नेली. तेवढ्यात एक मोटार समोरून गेली. तिच्या फिरत्या चाकांवर नजर पडताच त्यांनी फाटकाचा गज धरला आणि त्या खालीच बसल्या. त्यानंतर खुर्ची घरात गेली ती बाहेर आलीच नाही.

"सर," साडू मला म्हणाले, "फाटकाजवळ ती नाही, तर सारी गल्लीच तिरपी दिसून राहिली मले."

मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितले आहे ना, वेळ लागेल."

"लागू द्या. पण तवरक ती काय पडदेच पाहत बसन? मले एक सांगा, गाडी पुढे गेली पाहिजे, हे कबूल. पण चाकाचं तोंड काहून फिरलं पाहिजे?"

चाकावरची तबकडी, जिला बाजारात व्हीलकॅप म्हणतात, ती चाकाला घट्ट बसवलेली असते, म्हणून चाकाबरोबर फिरते, असे मी समजावून सांगितले.

"मंग घट्ट बसवू नका ना!" ते म्हणाले आणि उठून गेले.

येथे त्यांची रचना थोडी नीट सांगितली पाहिजे, कारण ती दिसते त्याहून सोपी आहे. चाकाच्या नटांखाली एक लोखंडी पट्टी आवळायची. पट्टीच्या बरोबर मध्यावर एक आखूड दांडा उभा करायचा आणि त्या दांड्यावर बेअरिंग बसवायचे. तबकडी चाकावर नव्हे, तर या बेअरिंगवर बसवायची आणि तिच्या खालच्या कडेला आतून शिशाचे वजन जोडायचे. चाक फिरते, पट्टी फिरते, दांडा फिरतो. पण वजन तबकडीला खाली ओढून धरते आणि बेअरिंगमुळे चाकाची ओढ तिच्यापर्यंत फारशी पोहोचत नाही. परिणामी तबकडी जागच्या जागी उभी राहते. हे सारे कागदावर. प्रत्यक्षात पहिला प्रयोग माझ्या गाडीवर झाला आणि वजन कमी पडले. गतिरोधकावरून जाताच तबकडीने कोलांटी मारली आणि नंतर ती चाकाच्या उलट दिशेने फिरू लागली, जे कोणत्याही निरोगी माणसालासुद्धा भोवळ आणण्यास पुरेसे होते. साडूंनी वजन वाढवले. तबकड्यांसाठी त्यांनी घरातली स्टीलची जेवणाची ताटे घेतली होती, कारण त्यांच्या मते ताटाइतकी निर्दोष गोल वस्तू दुसरी नाही. काही ताटांच्या बाबतीत त्यांचे मन पुढे बदलले आणि ती स्वयंपाकघरात परत आली. त्या दिवसांत त्यांच्याकडे जेवायला गेलेल्या माणसाला ताटाच्या मधोमध भोक का आहे, हे वरण वाढल्यावर कळत असे.

तबकडी स्थिर आहे हे दुरून समजावे म्हणून प्रत्येकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक संत्रे रंगवले आणि त्याला वरच्या बाजूस दोन हिरवी पाने काढली. पाने वर, म्हणजे सारे ठीक. चित्रकला हा त्यांचा विषय नव्हता. काहींना ते संत्रे भोपळा वाटले. पण त्या भोपळ्यासह ते घरोघर गेले आणि गल्लीतल्या प्रत्येक मोटारमालकाला त्यांनी हात जोडले. दुचाकीवाल्यांना त्यांनी संध्याकाळपुरते गल्लीच्या मागच्या तोंडाने जाण्याची विनंती केली.

समोरच्या वकिलांनी चेष्टा केली, "काका, उद्या आमच्या पाण्याच्या मोटरीलेही टोपी घालसान का?"

"ते दिसत नाही ना गा बाहेरून. दिसलं असतं तर घातली असती." साडू एवढे बोलले आणि पान्हा घेऊन वकिलांच्या गाडीखाली वाकले. वकिलांनी मग स्वतःच विजेरी धरली. ताईंच्या खुर्चीपाशी थांबण्याची सवय त्यांनाही होतीच.

ज्या संध्याकाळी ताईंना बाहेर आणायचे ठरले, त्या संध्याकाळी आमच्या गल्लीने जे केले ते दुसऱ्या कोणत्या गल्लीने केले असेल असे मला वाटत नाही. साडूंनी ताईंना हाताला धरून खुर्चीवर बसवले आणि मला खूण केली. मी, माझ्यामागे वकील आणि त्यांच्यामागे कोपऱ्यावरचे औषधदुकानदार, असे आम्ही ओळीने अगदी हळू त्यांच्या फाटकासमोरून गेलो. गाड्या सरकत होत्या, चाकांवरची संत्री स्थिर होती, पाने वर होती.

"कसं वाटून राहिलं वं?" साडूंनी विचारले.

"बरं वाटते," ताई म्हणाल्या.

साडूंचा चेहरा त्या क्षणी जसा झाला, तसा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचाही झालेला मी पाहिलेला नाही. त्या दिवसापासून खुर्ची रोज फाटकाशी येऊ लागली. आठवडाभराने मी ताईंजवळ बसलो होतो. साडू आत चहाचे पाहत होते. मी त्या रचनेचे कौतुक केले, तेव्हा ताई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले म्हणून सांगते. फिरणारं चाक परवडलं. गाडी चालून राहिली अन् चाक ठप्प, हे पाहून तर माह्या पोटात ढवळूनच येते. गाडीचा आवाज आला का मी डोळेच मिटून घेते बापा."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"यायले? अजिबात सांगू नका. हे माह्यासाठी साऱ्या गल्लीच्या पाया पडले. अन् डोळे मिटून का होईना, मी भाईर तर बसली ना!"

पुढे ताई खरोखर बऱ्या झाल्या. ते श्रेय डॉक्टरांच्या व्यायामांचे होते, असे माझे शिक्षकी मत आहे. पण साडू ते सारे श्रेय संत्र्यांना देतात आणि ताई त्यांना दुजोरा देतात. हळूहळू गल्लीतल्या गाड्या बदलल्या, नव्या गाड्यांच्या चाकांना ताटे बसेनात, आणि आता शेवटची संत्री फक्त माझ्या जुन्या गाडीवर उरली आहेत. दरम्यान साडूंची नजर अधू झाली. दुखणे डोळ्यांच्या पडद्याचे आहे, ते काचेच्या नंबराने भागत नाही. आता फाटकाशी खुर्च्या दोन असतात आणि समोरून कोण गेले हे ताई त्यांना सांगतात.

माझ्या गाडीच्या, त्यांच्या फाटकाकडे येणाऱ्या बाजूच्या चाकातले बेअरिंग गंजून जाम झाले आहे. ती तबकडी आता साध्या तबकडीसारखी चाकाबरोबर फिरते आणि गाडी थांबेल तेथे, कधी पाने खाली, कधी आडवी, अशी थांबते. हे साडूंना दिसत नाही. आणि दुरुस्तीसाठी ते चाकापाशी वाकून हाताने चाचपडू लागतील, म्हणून आम्ही ते त्यांना सांगितलेलेही नाही. पण माझी गाडी फाटकाशी आली की ते ताईंना न चुकता विचारतात, "सर आले ना? पानं वर आहेत का वं?"

ताईंना खोटे बोलावे लागू नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून फाटकासमोर मी गाडी थोडी पुढे घेतो, थोडी मागे घेतो. ताई खुर्चीतून, साडूंना कळणार नाही अशा बेताने, मला बोटाने खुणावत राहतात: अजून हातभर, आणखी थोडे, बस.

"इतके वर्ष झाले सर," साडू हसून ओरडतात, "तुमाले गाडी काही लावता नाही आली!"

मी इंजीन बंद करतो. ताई चाकाकडे एकदा नीट पाहतात आणि मग साडूंच्या हातावर हात ठेवून सांगतात, "वर आहेत."