शांतवन मकासरे कुणाची वाट बघत होता

शांतवन मकासरेवर मी दोनदा मनापासून चिडलो आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. हे आधीच कबूल करून टाकतो.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. कामगारांच्या हजेऱ्या, शिफ्ट, रजा, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. शांतवन आमच्याकडे १९६४ साली लागला. ओतकामात मोल्डर, म्हणजे काळ्या वाळूचे साचे बसवायचे आणि त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं. मूळचा नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती, वडील गावच्या मिशन शाळेत मास्तर. बायको विमलसह आकुर्डीत तानाबाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचा. तानाबाई आकुर्डीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. तोंडानं फटकळ, पण भाडेकरू आजारी पडला की भाकरी त्यांच्याच चुलीवरून यायची.

विजेची ओढाताण नको म्हणून कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटलेल्या, आणि आमच्या वाट्याला गुरुवार आलेला. दत्तभक्तांची चंगळ झाली. शांतवनची पंचाईत झाली, कारण त्याचा देव रविवारचा. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुण्याहून त्यांचे पाळक येत आणि चिंचवडच्या एका शाळेच्या वर्गात सकाळी दहाला उपासना घेत. त्या वेळी आमचा हा गडी वाळू कुटत असे. मग गुरुवारी नवराबायको घरीच गाणी म्हणत, शास्त्र वाचत. तानाबाई ओसरीवरून ऐकत आणि म्हणत, "बेस्तरवारी भजन करतंय, म्हंजी तुमचा देवबी आमच्या दत्ताच्याच भावकीतला हाय म्हना की."

येशू ख्रिस्त परत येणार, मेलेले त्या दिवशी उठणार, यावर शांतवनचा पक्का विश्वास होता. कॅन्टीनमध्ये मी त्याची खेचायचो.

"केव्हा येणार रे तुझा प्रभू?"

"तो दिवस एकट्या बापाला ठाऊक, मुकुंदराव. पुत्रालासुद्धा नाही."

"आणि बाप नि पुत्र एकच ना? मग एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, हा कुठला हिशेब?"

तो चिडत नसे. बशीत चहा ओतून विचार करत बसे. एकदा म्हणाला, "मलाबी पुरतं उमगत नाही. पण ज्याला सगळंच माहीत, त्याला वाट बघणं काय कळणार? माझा प्रभू आपल्यासारखा वाट बघतो. म्हणून तो मला जवळचा वाटतो." मी हसून विषय बदलला. देवाबिवाच्या भानगडीत मी तेव्हाही नव्हतो, आजही नाही.

जून १९७१ मध्ये, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, त्यांना मुलगी झाली. एस्तेर. तिच्या बाप्तिस्म्यासाठी शांतवनला एक रविवार मोकळा हवा होता. त्यांच्याकडे लेकराला घेऊन बाप उभा राहतो, पाळक विचारतील त्याला उत्तर देतो, मग पाळक तिच्या डोक्यावर पाणी घालतात. विमल म्हणत होती, मी एकटी उभी राहते. पाळकांचीही हरकत नव्हती. पण शांतवन अडून बसला. त्याच्यासाठी त्याचा बाप उभा राहिला होता आणि लेकीसाठी तो स्वतःच उभा राहणार होता.

सप्टेंबरात त्यानं सुट्टी बदलून मागितली. ऑर्डर निकडीची होती, मी नाही म्हटलं. नोव्हेंबरात दोन मोल्डर आजारी होते, मी नाही म्हटलं. फेब्रुवारीत तो पुन्हा अर्ज घेऊन आला तेव्हा मी पहिल्यांदा चिडलो.

"देव काय पळून चाललाय का रे? गुरुवारी बोलव की तुझ्या पाळकाला!"

सगळं ऑफिस हसलं. तोही कसनुसा हसला आणि अर्ज घडी करून खिशात घालून गेला. अखेर मे महिन्यातला दुसरा रविवार मी त्याला दिला. चौदा तारीख होती.

बारा तारखेला, शुक्रवारी, एस्तेरला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी औषध दिलं, ते पोटात ठरेना. शनिवारी दुपारी तिचे डोळे खोल गेले आणि रडणंही थांबलं. हात लावला तर अंग गार लागत होतं. शांतवनला कळून चुकलं. डॉक्टर पुन्हा येऊन मान हलवून गेले होते. आता एकच गोष्ट त्याच्या हातात होती असं त्याला वाटलं: पाळकांना आणायचं. भर उन्हात तो स्टेशनकडे पळत सुटला. पुण्याला पोहोचला तर पाळक एका आजाऱ्याला भेटायला दूर खडकीपलीकडे गेलेले. तिथं गेला, तर तिथून ते निघालेले. साडेपाचला हा रिकाम्या हातानं घरी परतला. एस्तेर चारलाच गेली होती. विमलच्या मांडीवर. शेजारी पाण्याची कळशी भरलेली होती.

ऊन फार होतं, लेकराला ठेवून चालणार नव्हतं. तानाबाई म्हणाल्या, "आमच्याबी ल्हान लेकरांस्नी जाळत न्हाईत. मातीतच देत्यात. माझ्या शेताच्या वरच्या अंगाला जागा हाय, गावाची समदी बाळं तिथंच हायती. चला." उजेड होता तोवर पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकल्या.

रविवारी पाळक आले, ते बाप्तिस्म्याची वही पिशवीत घेऊनच. काय झालं ते ऐकून म्हातारा माणूस ओट्यावरच बसला. मीही तिथं होतो. शरमेनं गेलो होतो, कोपऱ्यात उभा होतो. पाळक डोळे पुसत म्हणाले, "शांतवन, अरे, प्राणावर बेतलं असताना कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तू. विमल. ओंजळभर पाणी आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव. एवढंच." आणि लगेच पुढं म्हणाले, "पण देवाची दया काही पाण्याला बांधलेली नाही, बाळा. एस्तेर त्याचीच आहे."

हे दुसरं वाक्य शांतवनच्या कानात शिरलंच नाही. तो कळशीकडे बघत होता. विमलनं उठून ती कळशी उचलली आणि अंगणात उपडी केली.

त्यानंतर तो माणूस पार बदलला. कामात चूक नसे, पण कॅन्टीनला येईना. दर गुरुवारी तानाबाईंच्या शेतावरच्या त्या माळावर जाऊन एस्तेरच्या दगडाजवळ बसे. त्यानं त्या दगडाला चुना लावला होता. मी एकदा शोधत गेलो तेव्हा त्यानं विचारलं, "मुकुंदराव, ती उठेल ना?" मला, ज्याचा कशावरच विश्वास नाही अशा माणसाला, तो विचारत होता.

मी म्हटलं, "तुझे पाळक म्हणाले ना, उठेल."

"त्यांना माझी दया आली म्हणून म्हणाले असतील." मग एकदम म्हणाला, "देवाचाबी पुत्र मेला. बापानं पाहिलं. सगळं खरं. पण तिसऱ्या दिवशी त्याला परत मिळाला की हो! मला किती दिवस?" आणि हा सहा फुटी माणूस मातीत तोंड खुपसून हंबरला. त्याच्या पाठीवर हात ठेवायचंही मला सुचलं नाही.

वर्षं गेली. त्यांना दुसरं मूल झालं नाही. पाळक समजावत राहिले आणि हळूहळू शांतवनच्या मनानं एवढं धरलं, की प्रभू येईल आणि एस्तेरला उठवील. तेवढ्यावर तो जगत होता.

१९७६ साली आमच्या कंपनीला वाढीसाठी जमीन मिळाली. तीत तानाबाईंचं शेत गेलं आणि वरचा माळही गेला. एका मंगळवारी बुलडोझर फिरला. शांतवन पहिल्या शिफ्टला होता. त्याला गुरुवारी कळलं, तो तिथं गेला तेव्हा. दगड नाही, बाभळ नाही, चुना नाही, सगळा माळ तळहातासारखा सपाट.

शुक्रवारी शांतवन कामावर आला नाही, आणि वॉचमननं ऑफिसात निरोप धाडला, तुमचा एक कामगार कंपनीच्या जागेत खणतोय. चौकशीला मला पाठवलं. शांतवन कुदळ घेऊन तीन ठिकाणी खणून बसला होता. विमल माती चाळणीतून चाळत होती. तिसऱ्या खड्ड्यापाशी तानाबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, त्यांचं तोंड बंद झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खड्ड्यात हाडं निघाली होती. बोटाएवढी.

"मिळाली?" मी विचारलं.

शांतवननं मान वर केली. "लहान आहेत. पण इथं सगळीच लहान होती."

पुण्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्यानं पाळकांना सांगून जागा ठरवली होती. नेण्यासाठी कोरं कापड आणलं होतं. तो कापडाकडे बघे, हाडांकडे बघे, तानाबाईंकडे बघे. तानाबाई हळूच म्हणाल्या, "माजी दोन हायती रं हितं. जावंची तीन. कुनाचं म्हनून नेशील?" मग शांतवननं ती हाडं होती तशी ठेवली, त्यांच्यावर ते कोरं कापड पसरलं आणि हातांनी माती लोटली.

पाळकांनी त्याला सांगितलं, प्रभूला जागा शोधावी लागत नाही, वरून काहीही बांधा, तो आपलं माणूस बरोबर उठवतो. शांतवन म्हणाला, "तो उठवील, साहेब. ते मी आता मानतो. पण उठल्यावर तिनं कुणाकडे बघायचं?"

पुढच्या वर्षी तिथं शेड उभी राहिली. चार नंबर. तयार मालाचं गोदाम. महिन्याभरात शांतवनचा अर्ज माझ्या टेबलावर: मला मोल्डरवरून काढा आणि चार नंबरमध्ये हेल्पर करा. तेव्हा मी दुसऱ्यांदा चिडलो.

"अक्कल गहाण टाकलीस का? तेरा वर्षांचा कसबी कामगार तू, खोकी उचलणार?"

"उचलीन."

"पगार कमी होईल. ग्रेड जाईल. पुन्हा मोल्डर होता येणार नाही."

"मुकुंदराव," तो म्हणाला, "ती तिथं आहे. प्रभू कधी येईल ते कुणाला ठाऊक नाही. मी भट्टीवर असताना आला तर?"

हा माणूस वेडा झालाय, असं वाटून राग आला. त्या फेब्रुवारीतला माझा विनोद आठवला. मी सही केली. तो चार वर्षं चार नंबरमध्ये खोकी उचलत राहिला. जेवणाचा डबा तिथंच खाई. सुट्टीच्या गुरुवारी फाटकाबाहेर, शेडच्या भिंतीकडे तोंड करून बसे. वॉचमन त्याला हटकत नसत.

भट्टीच्या धुळीनं त्याची छाती आधीच गेली होती. १९८१ च्या हिवाळ्यात खोकून खोकून तो गेला. जाण्याआधी विमलला एकच विचारत होता, मला कुठं ठेवाल? चार नंबरमध्ये कोण ठेवू देणार? पुण्याला पुरलं, पाळकांनी सगळं रीतसर केलं. मी मूठभर माती टाकली आणि मनात अंतर मोजलं. चिंचवडपासून ती जागा दहा मैलांवर होती.

दोन महिन्यांनी विमल ऑफिसात आली. कामगार गेला की घरच्या एकाला आम्ही कामावर घेत असू. मी तिच्यासाठी आधीच बोलून ठेवलं होतं. म्हटलं, "विमलबाई, कॅन्टीनमध्ये सोय करतो. बसून भाज्या चिरायच्या, सावलीतलं काम."

"कॅन्टीन नको. चार नंबरमध्ये झाडू मारायला घ्या."

"अहो, तिथं बाई नाही एकही. धूळ आहे, ट्रक आहेत. तुमचं वय बघा."

ती टेबलाच्या कडेला हात धरून उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "अकरा महिन्यांची होती, साहेब. परक्यानं घेतलं की रडायची. प्रभूला तिनं कुठं पाहिलंय? तिला दोनच माणसं ओळखीची होती. त्यातलं एक तिकडं पुण्याला आहे."

मी अर्ज पुढं ओढला आणि त्यावर चार नंबर लिहिलं. मी कधी कुठल्या देवाकडे काही मागितलेलं नाही. पण सही करताना मागितलं: बाबा रे, यायचंच असेल तर ही बाई जिवंत आहे तोवर ये, आणि दिवसपाळीत ये.