मागच्या सीटला विचारणारे मनोहरभाऊ

मनोहरभाऊ रामटेके यांची माझी पहिली भेट मुलाखतीच्या निमित्ताने झाली. चंद्रपुरातल्या त्यांच्या गाड्यांच्या शोरूमला वर्कशॉप सांभाळणारा माणूस हवा होता. माझी प्रमाणपत्रं भाऊंनी उघडूनही पाहिली नाहीत. मला जीपच्या मागच्या सीटवर बसवलं, मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे खड्डे शोधून शोधून गाडी त्यांत घातली आणि परत आल्यावर विचारलं, "कंबर काय म्हणते?"

"राजीनामा देतो म्हणते," मी म्हणालो. भाऊ पोट धरून हसले आणि मी नोकरीला लागलो.

त्या फेरीमागे घरचा नियम होता. भाऊंच्या वडिलांनी सायकली भाड्याने देता देता जुन्या जीपा विकायला घेतल्या, तेव्हापासूनचा. आमच्याकडच्या रस्त्यांवर खरे हाल होतात मागे बसणाऱ्याचे. म्हणून त्याला बसवून, विचारून मगच चावी द्यायची. कोरपन्याच्या एका गृहस्थांना तर, मागे बसणाऱ्या सासूबाई सोबत नाहीत म्हणून, हार घातलेली गाडी सोडून जावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते सासूबाईंना घेऊन आले आणि सासूबाईंनी रंगच बदलायला लावला.

माझ्या पत्नीला भद्रावतीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला दवाखान्यात न्यायला भाऊंनी शोरूममधली कोरी गाडी सीटचं प्लास्टिक न काढता बाहेर काढली. आमचा मुलगा सुखरूप जन्मला. नंतर ती गाडी नवी म्हणून विकणं भाऊंच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी ती स्वतःलाच ठेवली.

गेल्या वर्षी मात्र आम्ही सगळेच काळजीत होतो. भाऊंची एकुलती एक मुलगी सुजाता पुण्याला नोकरीत रमलेली. ती काही परत येत नाही, असं भाऊ धरूनच चालले होते. नागपूरचे एक मोठे व्यापारी शोरूम विकत घ्यायला तयार होते आणि बोलणी पक्की होत आली होती.

त्याच सुमारास सुजाताताई सुट्टीवर आल्या होत्या. कुरखेड्याच्या एका धान व्यापाऱ्याला उंच गाडी हवी होती. ताईंनी त्याच्या आईला बोलावून घेतलं. आजींचा पाय काही पायरीवर चढेना. ताईंनी त्यांना बुटक्या, स्वस्त गाडीत बसवलं. आजी म्हणाल्या, "हे बरी हाय बाई. उतराले कोनाचा हात नाई लागत." मुलगा हिरमुसला, पण गाडी तीच गेली.

भाऊ केबिनच्या दारात उभे होते. म्हणाले, "हे तुले कोनं शिकवलं?"

"तुमीच. पन बाबा, साऱ्या दुनियेच्या सासूबाईयले विचारलं, मले काऊन नाई विचारलं?"

भाऊ दारातून पुढे आले. मग हळूच म्हणाले, "आता विचारून राह्यलो. सांभाळशील?"

ताईंनी हात पुढे केला. "चाबी द्या."

नागपूरकरांना भाऊंनी त्याच दुपारी नम्रपणे नकार कळवला. आम्ही वर्कशॉपमध्ये पेढे वाटले आणि मला डोळे पुसावे लागले, हे इथे सांगून टाकतो.

आज भाऊ पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळची ती गाडी आता ताई चालवतात आणि भाऊ मागे बसून त्यांच्या ब्रेकला नावं ठेवतात. शोरूमच्या दारात उतरले की ताई रोज विचारतात, "बाबा, कंबर काय म्हणते?" भाऊंचं उत्तर ठरलेलं: "अजून लय फिराचं हाय म्हणते."

भाऊ, तुमच्या कंबरेचं म्हणणं खरं होवो. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि हा प्रश्न आम्हाला रोज ऐकायला मिळो.