आतली शिवण आणि दोन स्टार

मी उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वाढले. त्यामुळे कुठल्याही वस्तूवर माझा चटकन विश्वास बसत नाही. वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, चार-पाच मशिनी आणि सगळीकडे निळे धागे. पँटी आधी शिवून व्हायच्या आणि लेबलं वेगळ्या पिशवीतून यायची. गिऱ्हाईक सांगेल ते लेबल लागायचं. शाळेतून आल्यावर ती लेबलं मोजून देणं माझं काम, म्हणून एकाच कापडाची पँट एका दिवसात किती देशांची होऊ शकते हे मला लवकर कळलं.

माल उचलायला एक सिंधी व्यापारी यायचे. ते पँट हातात घेतल्या घेतल्या उलटी करायचे. बाहेरून बघायचेच नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बेटा, बाहर से तो सब बढ़िया ही दिखता है." मग आतल्या शिवणीवर अंगठा दाबून दोन्हीकडून ओढायचे. शिवण टिकली तर माल पास.

आज मी बदलापूरच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून व्हिडिओ गेमची परीक्षणं करते, मराठीत, माझ्या स्वतःच्या चॅनलवर. पद्धत त्या सिंधी काकांचीच आहे. गाड्यांच्या शर्यतीचा गेम आला की मी गाडी आधी मुद्दाम भिंतीवर नेते, म्हणजे वजन खरं आहे की नुसता आवाज, ते कळतं. भुताच्या गेममध्ये आवाज बंद करून खेळते. भूत तरीही घाबरवत असेल तर ठीक, नाहीतर सगळी कमाल त्या किंचाळीची. कोड्यांचे गेम पहिल्या काही पातळ्यांत आपल्याला हुशार ठरवतात आणि मग हळूच जाहिराती दाखवायला लागतात. क्रिकेटच्या गेममध्ये मी सगळे चेंडू सोडून देते आणि समालोचक त्यावरही "क्या बात है" म्हणतो का ते ऐकते. बहुतेक वेळा म्हणतो. व्हिडिओच्या शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असतं: आतली शिवण पक्की आहे, किंवा आतली शिवण कच्ची आहे. बघणारे त्याचीच वाट बघतात.

आकड्यांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. दहापैकी सात देणाऱ्या परीक्षकाला गेम आवडलेला नसतो, फक्त तसं म्हणणं त्याच्या जिवावर आलेलं असतं. सहाच्या खाली कोणी उतरत नाही. गोड बोलणाऱ्यांना पुढचा गेम आधी खेळायला मिळतो आणि कडू बोलणाऱ्यांना सगळ्यांबरोबर. कुठे एकसारखे पाच-पाच स्टार दिसले की मला वाटतं, इथे नक्की पाणी मुरतंय.

हे सगळं दुसऱ्यांच्या गेमबद्दल होतं तोवर घरात शांतता होती. मग माझ्या नवऱ्याने गेम बनवला.

तो अंबरनाथच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. त्याचं घर मोरिवलीचं. आजोबांची भातशेती होती. तिच्या आसपास कारखाने आले आणि शेवटी जमीनही गेली. त्याने शेत पाहिलं ते ऐकीव, आईच्या बोलण्यातून. सुटीच्या दिवशी बसून, काही वर्षं घालवून, त्याने तोच गाव मोबाईलवर उभा केला. खेळणारा माणूस म्हणजे आजोबा. बांध घालायचे, पाणी अडवायचं, भात लावायचा, शेतातले मासे पकडायचे, आणि दर वर्षी क्षितिजावर कारखान्याची एक चिमणी वाढत जाते. संध्याकाळ झाली की घराच्या दारात एक बाई येऊन हाक मारते, "जेवाला या." तो आवाज सासूबाईंचा. त्याने त्यांच्याकडून मुद्दाम म्हणून घेतला होता.

आमच्यात एक करार झाला होता. त्याच्या गेमबद्दल मी चॅनलवर बोलणार नाही आणि घरातही नाही. चांगलं म्हटलं तर लोक म्हणतील, बायको आहे. वाईट म्हटलं तर एकाच टेबलावर जेवायचंय. मी गेम पूर्ण खेळले, मला जे वाटलं ते पोटात ठेवलं, आणि तो माझ्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत राहिला. ही गोष्ट त्याच्या किती जिवाभावाची आहे हे मला माहीत होतं. म्हणून चेहरासुद्धा मी सांभाळला.

गेम स्टोअरवर चढला. पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी एकदम पाच स्टारांची रांग लागली. मी वाचायला लागले. "खूप छान." "मस्त." "नंबर एक." माझ्या आत ते काका जागे झाले. मी त्याला सरळ विचारलं, "विकत घेतलेस का?"

त्याचा चेहरा उतरला. "तुला माझ्याबद्दल असं वाटतं?"

"मला सगळ्यांबद्दलच वाटतं."

तेवढ्यात मला त्या रांगेत एक परीक्षण दिसलं: "गाळणी छान आहे काकी. धन्यवाद." पाच स्टार. त्या दिवशी मोरिवलीला सासूबाईंचं हळदीकुंकू होतं आणि वाण म्हणून चहाची गाळणी होती. आम्ही दोघंही हसत सुटलो. त्याने आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मंग काय," सासूबाई म्हणाल्या, "यांच्या पोरींच्या लग्नात मी आहेर केले. आता माज्या पोराचं कार्य हाय. मी सांगतला, गाळनी घ्या, आन पाची चांदन्या दाबून जा. घरातला वायफाय चालू करून दिला सगल्यांना."

त्यांच्या दृष्टीने रेटिंग म्हणजे आहेर. आपण केलेला असतो, वेळ आली की परत येतो. मी इतकी वर्षं रेटिंगवर बोलतेय, पण याहून खरी व्याख्या मला सुचली नव्हती. आणि नवऱ्यावर उगाच शंका घेतली म्हणून मी त्याची माफी मागितली.

पुढे व्हायचं तेच झालं. एकाच घरातून, एकाच संध्याकाळी आलेले ते सगळे स्टार स्टोअरला संशयास्पद वाटले. एके सकाळी ते सगळे गायब. उरलं एकच परीक्षण, हळदीकुंकवानंतर चार दिवसांनी आलेलं. त्या ढिगाखाली ते कोणाला दिसलं नव्हतं. दोन स्टार. गेमच्या नावाखाली आता मोठ्या अक्षरात 'दोन' असा आकडा होता.

नवऱ्याने ते वाचलं आणि फोन माझ्यापुढे ठेवला. लिहिणाऱ्याचं नाव म्हणजे नुसती अर्धवट अक्षरं आणि आकडे. लिहिलं होतं: "गाव सुंदर दिसतो. पण घरातली बाई दिवसभर कुठे असते ते कळत नाही. ती फक्त जेवायला हाक मारते. आजोबा एकटेच भात लावतात. राब न भाजताच रोपं येतात. बाहेरून छान, पण आतली शिवण कच्ची आहे."

"शिवण," तो म्हणाला.

"मी नाही लिहिलं."

"दुसरं कोण असं बोलतं?"

माझं वाक्य कोणीही उचलू शकतं, हे मी म्हणाले. पण अडचण वेगळीच होती. दारातल्या त्या बाईबद्दल मला नेमकं तेच वाटलं होतं. मी ते पोटात ठेवलं होतं आणि कोणीतरी माझ्या पोटातलं काढून तिथे मांडलं होतं. त्यामुळे "मी नाही" म्हणताना माझा आवाज खोट्या माणसासारखा लागला. ते मलाच ऐकू आलं, मग त्याला का नाही येणार?

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो नीट बोलायचा, चहा ठेवायचा, आणि मी फोन उचलला की बघायचा. मी आंघोळीला गेले की माझा फोन जागेवरून हललेला असायचा. मीही मग फोन विशिष्ट कोनात ठेवून जायला लागले. मला त्याचा राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. कारण हा माणूस मला आयुष्यभर असाच उलटा करून बघत राहिला तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. दुसऱ्यांच्या वस्तू उलट्या करताना मला कधी वाटलं नव्हतं की उलटं होणाऱ्याला कसं वाटतं.

तो ते दोन स्टारचं परीक्षण रोज उघडायचा. जेवताना, चहा पिताना, शिफ्टला निघताना चपला घालता घालता. एकदा मीही त्याच्या खांद्यावरून पुन्हा वाचलं आणि एका शब्दावर अडले.

"राब म्हणजे काय?" मी विचारलं.

"नाटक नको."

"मी कॅम्प चारची आहे. भात मला गोणीत दिसतो. राब न भाजता म्हणजे काय, ते तू सांग."

तो सांगायला लागला. पाऊस यायच्या आधी पालापाचोळा, शेण पसरून जमिनीचा एक तुकडा भाजतात, त्याच्यावर बी पेरतात, तिथे रोपं होतात, मग आवणीला ती उपटून चिखलात... तो मध्येच थांबला. "हे मलाही आईनेच..."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाच-पाच स्टारांचा आहेर गोळा करणाऱ्या बाईवर संशय घ्यायचं माझ्यासारखीलाही सुचलं नव्हतं.

रविवारी मोरिवलीला गेलो. सासूबाई घरापुढच्या ओट्यावर वाल सोलत होत्या. नवऱ्याने फोन दाखवला. त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि जराही लाजल्या नाहीत.

"मीच लिवला. म्हंजे मी तुमच्यासारका बोलले, फोनने लिवला. ता नाव फोनच्या दुकानदाराने टाकलाय."

"सगळ्या बायकांना पाच द्यायला लावलेस आणि स्वतः दोन?"

"त्या कुठं खेलल्या? त्या गाळनी घेऊन गेल्या. मी खेलले. सगला खेलले, ती चिमनी पार मोठी होईपत्तूर." त्यांनी एक वाल सोलून टोपात टाकला. "आवनीला तुजा आजा बांधावर उभा रहाचा. चिखलात आमी बाया. वाकून वाकून कंबर जायाची. आन तुज्या खेलात मी दारात उभी, जेवाला या, जेवाला या. दुसरा काय काम नाय मना?"

तो हळू आवाजात म्हणाला, "मला सांगायचं ना, आई."

"सांगतला असता त हसला असतास. आन पाच दिले असते त वाचला असतास? त्या गाळनीवाल्यांचा एक तरी वाचलास?" त्या माझ्याकडे वळल्या. "म्हनून तुजा बोलना घेतला, बाय. ती शिवन. दुपारची मी तुजेच व्हिडिओ लावून बसते. यो दुसऱ्या कोनाचा ऐकत नाय, तुजा ऐकतो."

मला ते लागलं, बरं वाटलं की वाईट ते सांगता येणार नाही. नवरा जमिनीकडे बघत मला म्हणाला, "मला वाटलं, तू." मी म्हणाले, "माहीत आहे." एवढंच झालं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि माझा राग तिथेच निम्मा उतरला.

मग त्याने फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, आवणीला किती जणी असायच्या, कोण पुढे, गाणी कोणती म्हणायच्या. सासूबाई आधी नको नको म्हणाल्या. मग टोप बाजूला सरकवून त्याच्या शेजारी बसल्या आणि बोलायला लागल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना दुपारच्या वेळी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणून मी टोप उचलून आत गेले, वालाची भाजी फोडणीला टाकली, तांदळाच्या भाकरी भाजल्या. बाहेरून त्यांचा आवाज येत होता, मधूनच गाण्याची एखादी ओळ, मग हसणं.

स्वयंपाक झाला. मी हात पुसत दारात आले आणि हाक मारली, "जेवायला या."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यावर, एक हात चौकटीला. गेममधली बाई अगदी अशीच उभी असते.

"बग," सासूबाई मुलाला म्हणाल्या, "हिलाबी तितंच उभी केलीस."

त्याने रेकॉर्डिंग बंद केलं, उठला, आणि ताटं घ्यायला आत आला.