कमरेतला तांदूळ

फेब्रुवारीतला कोरडा वारा सकाळपासून शिझुओकाच्या आमच्या गल्लीत दांडगाई करत होता. माझ्या टपरीवर ओदेनचा काळा रस्सा नुकता उकळी धरत होता आणि मी त्यात शिजवायच्या तारलीच्या वड्या काड्यांना टोचत बसले होते. तेवढ्यात समोरच्या, खेळण्यांची जोडायची मॉडेलं विकणाऱ्या, तिच्या दुकानातून कात्सुमाता हारुए तरातरा आली.

"किओ, माकिता मेला."

"अगं बाई! कधी?"

"रविवारी. मी मारणार आहे."

तिने माझ्या फळीवर दोन खोकी आपटली. प्लास्टिकचा रोबोट, घरी जोडायचा. वर लिहिलेलं: 'पहिलीच वेळ? डिंक नको, पक्कड नको, नुसती बोटं आणा.' माकिताच्या कंपनीचा नवा माल. वसंतातल्या प्रदर्शनाआधी तो गावातल्या दुकानदारांकडून पारखून घ्यायचा होता. एक खोकं दुकानदाराने जोडायचं, दुसरं ज्याने जन्मात असलं काही केलं नाही अशाने. निकाल रविवारी माझ्याच बाकांवर, सगळ्या दुकानदारांसमोर. माकिताही येणार.

हा माकिता तरुणपणी हारुएच्या माडीवर राहिला, तिच्या हातचं जेवला. तिचा नवरा ताकेओ लाकडातून नमुने कोरायचा. पायाचा सांधा असा करायचा की पुतळा एका पायावर उभा राहावा. माकिता नोकरीला लागला आणि तो सांधा स्वतःच्या नावावर कंपनीत घेऊन गेला. खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्याने! विचारलं तर म्हणाला, "मला नाही आठवत बुवा." ताकेओ भांडला नाही, तसाच गेला. हारुएने मात्र नागिणीसारखा डूख धरला. तिला एकच हवं होतं: चारचौघांत त्याच्या तोंडून ताकेओचं नाव.

ती तिथेच जोडायला बसली. पक्कडीने तुकडा तो ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतो तिच्यापासून तोडायचा, उरलेला कोंब पुन्हा कापायचा, मग पात्याने तासून गुळगुळीत करायचा. सोबतचा कागद तिने उघडलाही नाही. "कागद नवशिके वाचतात," म्हणाली. रोबोट झाला देखणा; उभा केला आणि कंबरेतून पाय गळून पडले.

हारुए टाळ्या पिटायला लागली. "पाय गळतात मेल्याचे! रविवारी सगळ्यांदेखत नाचवते याला!"

"माझा राहिलाय की अजून," मी म्हटलं.

माझ्या हाताला माशांचा वास. बोटांनीच तुकडे मोडले, कागदावरची चित्रं बघत एकेक बसवला. दोनदा हात उलटा लावला, शिव्या घातल्या, काढून परत लावला. शेवटी माझा बोजड गडी फळीवर एका पायावर उभा राहिला. हलवला तरी पडेना.

हारुएचा चेहरा उतरला. तिने माझ्या गड्याची कंबर उपसली आणि आतल्या सांध्याच्या गोळ्यावर अंगठा फिरवला. अंगठा थांबला. गोळ्यावर तीन बारीक उंचवटे होते.

"हे तर मी तासून टाकले. मला वाटलं कापल्याचे कोंब उरलेत."

"मग?"

"ताकेओ लाकडाच्या गोळ्यावर हेच ठेवायचा, सांधा घट्ट बसावा म्हणून. तांदूळ म्हणायचा त्यांना." तिने ओठ चावला. "आपल्याच नवऱ्याला तासत बसले होते मी, किओ."

मग ती हसली. मला ते हसू बघून जास्त भीती वाटली.

रविवारी बाकं गच्च भरली. माकिता पांढऱ्याशुभ्र शर्टात, हसतमुख. हारुएने माझा गडी मधोमध ठेवला.

"नवशिक्यांसाठी यापेक्षा चांगला माल मी पाहिला नाही," ती म्हणाली. माकिताने मान तुकवली. "या ओदेनवालीलाही जमला. सगळी करामत कमरेत आहे." तिने सांधा उघडून गोळा पुढे सरकवला. "यांना काय म्हणतात, माकिता-सान?"

"ते... घर्षणाचे उंचवटे."

बाकावरच्या म्हाताऱ्या दुकानदार मासुईने चष्मा वर केला, गोळा डोळ्यांजवळ धरला. "अरे, हे तर ताकेओचे तांदूळ! माझ्याकडे त्याचं लाकडी विमान आहे, त्याच्या चाकातही हेच आहेत."

कुणी काडी उचलेना.

"आठवतंय का आता?" हारुएने अगदी गोडीने विचारलं. "की मी आठवण करून देऊ, कुणाच्या माडीवर शिकलात?"

माकिता लाल झाला, मग पांढरा. "कात्सुमाता-सानचं आहे ते," तो पुटपुटला.

"वारा आहे बाहेर. शेवटच्या बाकाला ऐकू गेलं नाही."

"ताकेओ कात्सुमातांचं आहे!" म्हणत तो कंबरेत वाकला, कपाळ फळीला लागेपर्यंत.

आमच्याकडे समोरचा वाकला की आपली मान आपोआप खाली जाते. माझी गेली, मासुईची गेली, बाकांवरच्या सगळ्यांच्या गेल्या. हारुएची गेली नाही. ती ताठ उभी राहून त्याच्या टाळूकडे बघत राहिली, आणि तिची मान खाली गेल्याशिवाय वर यावं की नाही ते न कळून तो वाकलेलाच राहिला.

"किओ, माझ्या दुकानाच्या काचेवर बघ किती धूळ बसलीय," ती म्हणाली आणि फडकं झटकत गल्ली ओलांडून काच पुसायला गेली.